सकाळी कॉम्प्युटर सुरू होतो, काम मात्र सुरू होत नाही

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये ऑफिसच्या स्लो मशीनची तक्रार इतकी आहे की अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. तक्रार वरवर एकच असली तरी प्रत्येकाचं कारण वेगळं निघतंय, त्यामुळे शेजारच्याचा उपाय आपल्या मशीनवर करण्याआधी आपलं लक्षण नेमकं कुठलं ते आधी बघा.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी अकाउंट्सला आहे. माझ्या टेबलावरचा पीसी सकाळी चालू केला की दोनेक मिनिटांत डेस्कटॉप दिसतो, पण पुढची पंधरा मिनिटं त्याला हात लावून उपयोग नाही. माऊस फिरतो पण क्लिक घेत नाही, एक्सेल उघडायला जावं तर वर नॉट रिस्पॉन्डिंग, वैतागून परत परत क्लिक केलं की थोड्या वेळाने तीच फाईल तीनदा उघडते. अकराच्या सुमाराला सगळं सुरळीत होतं आणि मग संध्याकाळपर्यंत काही तक्रार नाही. विंडोज १० आहे, रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क साधी, जुनी. एक सहकारी म्हणतो फॉरमॅट मार, दुसरा म्हणतो रॅम वाढव, साहेब म्हणतात नवीन मशीन एवढ्यात मिळणार नाही. मी नेटवरून रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदी, साफ करणारं एक सॉफ्टवेअर टाकलं, त्याने शेकडो एरर दाखवल्या, सगळ्या फिक्स केल्या, फरक काहीच नाही. आता नेमकं काय करू?

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे अकरानंतर मशीन सुरळीत चालतं ही. प्रोसेसर तापत असता किंवा विंडोजच्या फाईलीच बिघडल्या असत्या तर दुपारीही त्रास झाला असता. तुमचं मशीन फक्त सकाळी अडतंय, म्हणजे सकाळी त्याच्यावर असं काहीतरी ओझं पडतंय जे नंतर उतरतं, आणि ते ओझं कशाचं ते डोळ्याने बघता येतं, अंदाज करायची गरजच नाही.

उद्या सकाळी एवढंच करा. डेस्कटॉप दिसला की दुसरं काहीही न उघडता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी उघडली तर खाली मोअर डिटेल्स वर क्लिक करा. प्रोसेसेसमध्ये सीपीयू, मेमरी, डिस्क असे कॉलम दिसतील आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टक्के. मला जवळजवळ खात्री आहे की तुमच्याकडे सीपीयू तीस-चाळीस टक्के असेल आणि डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली असेल. मग परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा आणि तिथे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा: ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के, पण रीड स्पीड सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी. हे बघून लोक गोंधळतात, की डिस्क पूर्ण जोर लावतेय तर वेग एवढासा कसा. तर ते १०० टक्के वेगाचे नाहीत, वेळेचे आहेत. म्हणजे डिस्कला एक क्षणही उसंत नाही, पण तिचा बहुतेक वेळ वाचण्यात न जाता जागा शोधण्यात जातोय.

हे का होतं ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच ठरतात. साध्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरत असतात, डेस्कटॉपच्या डिस्कमध्ये बहुधा मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, तेच ४ मिलिसेकंदांच्या वर जातात, आणि त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर न्यायला आणखी ८-९ मिलिसेकंद. म्हणजे एका ठिकाणचा एक तुकडा वाचायला साधारण १२-१३ मिलिसेकंद, आणि वेगवेगळ्या ठिकाणचे असे तुकडे सेकंदाला फार तर ८० च्या आसपास. लॅपटॉपच्या ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला त्याहून कमी. आता लॉगिन झाल्या झाल्या अँटिव्हायरस, अपडेट, सर्च, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, चॅटचं ॲप, क्लाउडचं सिंक हे सगळे एकाच वेळी हजारो छोटे तुकडे मागतात. रेकॉर्ड रूममध्ये एकच शिपाई आणि पंधरा टेबलांवरून एकदम फाईली मागवल्या तर जे होईल तेच इथे होतं, तो दिवसभर पळत असतो पण कुणालाच वेळेवर फाईल मिळत नाही. माऊसचा बाण हलतो कारण त्याला डिस्कवरून काही आणायचं नसतं, क्लिक अडकतं कारण एक्सेल डिस्कवरून उचलून आणायचं असतं आणि रांगेत तुमचा नंबर शेवटी असतो. म्हणून परत परत क्लिक करू नका, प्रत्येक क्लिक रांगेत आणखी एक मागणी वाढवतं आणि तुमची फाईल तीनदा उघडते ती त्यामुळेच.

आता डिस्क या कॉलमच्या नावावर क्लिक करा, जास्त वापरणारे वर येतील. दोन-तीन नावं जवळपास प्रत्येक मशीनवर दिसतात. अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल म्हणजे विंडोजचा स्वतःचा डिफेंडर. विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर म्हणजे अपडेट बसवण्याचं काम. सर्च इंडेक्सर म्हणजे फाईलींची सूची करणारा. यातलं काहीही व्हायरस नाही आणि एंड टास्क करून मारायचंही नाही, अपडेट अर्धवट मारलं तर नंतर जास्त निस्तरावं लागतं. ही कामं सकाळीच का होतात याला एक कारण आहे जे फारसं कुणी सांगत नाही: विंडोजच्या ठराविक देखभालीची ठरलेली वेळ रात्री २ ची असते, आणि ऑफिसचं मशीन तेव्हा बंद असतं. मग राहिलेलं काम ते दुसऱ्या दिवशी संधी मिळेल तसं उरकायला घेतं. साधा उपाय म्हणजे आठवड्यातून एखाद दिवस जेवणाच्या सुट्टीत मशीन लॉक करून चालू सोडा, स्लीप होऊ देऊ नका, बरंचसं तेव्हा उरकेल आणि सकाळचा ताण कमी होईल.

दुसरं काम टास्क मॅनेजरच्याच स्टार्टअप या टॅबमध्ये. तिथे लॉगिनबरोबर आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामची यादी असते आणि शेजारी स्टार्टअप इम्पॅक्ट, हाय, मीडियम, लो असं. हा शेरा मनाने दिलेला नसतो, सुरू होताना १ सेकंदापेक्षा जास्त सीपीयूचा वेळ किंवा ३ एमबीपेक्षा जास्त डिस्कचं काम झालं की हाय. राइट क्लिक करून डिसेबल करता येतं, त्याने प्रोग्राम उडत नाही, फक्त स्वतःहून चालू होत नाही, हवा तेव्हा तुम्ही उघडा, आणि काही अडलं तर तिथेच परत एनेबल. चॅट आणि मीटिंगची ॲप्स, गाण्यांची ॲप्स, फोन जोडायची सॉफ्टवेअर, निरनिराळे अपडेटर, प्रिंटर कंपनीचे शाई दाखवणारे प्रोग्राम, हे सगळं बेधडक बंद करा, प्रिंट त्याच्याशिवायही निघते. अँटिव्हायरस, टचपॅड-साउंडचे ड्रायव्हर आणि ऑफिसच्या आयटीने टाकलेलं काही असेल तर हात लावू नका. क्लाउडच्या सिंकचं मात्र विचारपूर्वक, तुमच्या कामाच्या फाईली त्याच फोल्डरमध्ये असतील तर ते बंद केल्यावर बॅकअपही थांबतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, त्यामुळे ते चालू राहू द्या. ब्राउझर बंद केल्यावरही मागे चालत राहतात, त्यांच्या सेटिंगमध्ये सिस्टिमच्या सदराखाली बॅकग्राउंड ॲप्स चालू ठेवा असा पर्याय असतो तो बंद करा. एजमध्ये स्टार्टअप बूस्ट म्हणून आहे, ४ जीबीच्या मशीनवर तोही नको.

सिसमेन नावाची, नेहमीचे प्रोग्राम आधीच मेमरीत आणून ठेवणारी सर्व्हिस, जिला पूर्वी सुपरफेच म्हणायचे, ती बंद करा असा सल्ला तुम्हाला दहा ठिकाणी मिळेल. हार्ड डिस्कवाल्या काही मशीनना त्याने सकाळी थोडा फरक पडतो हे खरं, पण आधी वरचं सगळं करा, आणि एका वेळी एकच बदल करून एक-दोन सकाळी बघा. पाच गोष्टी एकदम बदलल्या की कशाने बरं झालं ते कळत नाही आणि कशाने बिघडलं तेही कळत नाही.

अँटिव्हायरस दोन नाहीत ना तेही बघा. जुन्या लायसन्सचा एक, नंतर कुणीतरी टाकलेला दुसरा, असं ऑफिसमध्ये सर्रास असतं. प्रत्येक फाईल उघडताना दोघंही तपासतात. एकच ठेवा, कुठला ते आयटीवाल्यांना विचारून. आणि ते रजिस्ट्रीचं सॉफ्टवेअर आजच काढून टाका. त्याने दाखवलेल्या शेकडो एरर म्हणजे बहुतेक जुन्या प्रोग्रामच्या उरलेल्या निरुपद्रवी नोंदी असतात, त्या काढून वेग वाढत नाही, उलट एखादी कामाची नोंद गेली तर चालता प्रोग्राम बंद पडतो. असली सॉफ्टवेअर वापरण्याला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही.

आता पैशांचा प्रश्न, रॅम की डिस्क. मशीन सुरू होऊन शांत झाल्यावर, तुमची रोजची दोन-तीन कामं उघडलेली असताना मेमरीचे टक्के बघा. ८५-९० च्या वर राहत असेल तर रॅम कमी पडतेच आहे, आणि कमी पडली की विंडोज रॅममधलं सामान पेजफाईलमध्ये म्हणजे परत त्याच मंद डिस्कवर नेऊन ठेवतं, म्हणजे डिस्कवरचं ओझं आणखी वाढतं. दोन्ही जमलं तर उत्तम, ४ ची ८ जीबी करा आणि एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, टाका. पण एकच मंजूर होणार असेल तर मी डोळे झाकून एसएसडी सांगेन. तिच्यात फिरणारं काही नाही, जे वाचायला हार्ड डिस्कला १२-१३ मिलिसेकंद लागतात ते ती एक दशांश मिलिसेकंदाच्या आसपास वाचते, त्यामुळे सकाळची ती रांग लागतच नाही. साधी साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्याच केबलवर चालणारी, सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास देते, जुन्या मशीनला एवढी पुष्कळ झाली, महागडी घेण्याचं कारण नाही.

खर्च करायच्या आधी मात्र दोन गोष्टी तपासाच. पहिली, हार्ड डिस्क मरायला टेकली नाहीये ना. खराब होत चाललेली डिस्कही टास्क मॅनेजरमध्ये अशीच १०० टक्के दिसते, कारण एकच सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा एक छोटा तुकडा, वाचायला ती परत परत प्रयत्न करत बसते. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम, आणि सोर्स म्हणून डिस्क असं लिहिलेल्या ७ किंवा १५३ नंबरच्या नोंदी शोधा. ७ म्हणजे बॅड ब्लॉक, १५३ म्हणजे वाचणं-लिहिणं परत करून बघावं लागलं. आयटीची परवानगी असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकटच्या प्रोग्राममध्ये रिअलोकेटेड आणि करंट पेंडिंग सेक्टरच्या ओळी बघा, तिथे कॉशन असा पिवळा शेरा दिसला तर स्पीडचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी बॅकअप घ्या. डिस्कमध्ये कटकट असा नेमाने आवाज येत असेल तर जेवायला जायच्याही आधी घ्या.

दुसरी गोष्ट विंडोजची. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन विंडोज ११ ला चालणारं आहे का ते बघा, त्याला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा तर लागतेच, पण खरी अडचण टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि प्रोसेसरची असते, इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात. चालणार असेल तर एसएसडीवर पैसे घालणं फायद्याचं. चालणार नसेल तर ऑफिसने पैसे भरून वाढीव सिक्युरिटी अपडेट घेतलेत का ते साहेबांना विचारा. घेतले नसतील तर हिशेबाचं मशीन नेटवर तसंच चालवत ठेवणं मला पटत नाही, आणि नवीन मशीन मागायला तुमच्याकडे स्लो आहे यापेक्षा भक्कम कारण आहे.

फॉरमॅटचं सांगते. फॉरमॅट मारल्यावर मशीन पळतं हे खरं आहे, कारण स्टार्टअपची यादी रिकामी होते. मग तीच सॉफ्टवेअर परत बसतात, डिस्क तीच असते, आणि सकाळ परत तशीच होते. वर जुन्या मेलच्या फाईली, लायसन्स, प्रिंटरची सेटिंग हे सगळं नव्याने करत बसा. एसएसडी टाकतानाही फॉरमॅटची गरज नसते, जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करता येते. फक्त क्लोनच्या आधी बॅकअप, आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहिलेली हवी. डिस्क बदलल्यावर ती मागितली आणि कुणाकडेच नसली तर सगळा डेटा समोर असून उघडत नाही, आणि त्यावर कुठलाही इलाज नाही.

प्रश्न: माझा लॅपटॉप ऑफिसमध्ये पासवर्ड टाकल्यावर वेलकम वर पाच-सात मिनिटं फिरत राहतो. एसएसडी आहे. तोच लॅपटॉप घरी नेला की अर्ध्या मिनिटात चालू. आयटीवाले म्हणतात लॅपटॉप जुना झालाय. खरं आहे का?

उत्तर: नाही, घरी तो अर्ध्या मिनिटात चालू होतोय यातच उत्तर आलं. जुनेपणा घरी गेल्यावर बरा होत नाही. हा त्रास नेटवर्कचा आहे. एक दिवस ऑफिसमध्ये वायर काढून, वायफाय बंद करून लॉगिन करा, लगेच झालं तर शंकाच उरत नाही.

ऑफिसच्या डोमेनमध्ये, म्हणजे सर्व्हरने सांभाळलेल्या नेटवर्कमध्ये, लॉगिन करताना तुमचं मशीन सर्व्हर शोधतं, त्याच्याकडून नियम आणतं, स्क्रिप्ट चालवतं, झेड ड्राइव्ह वगैरे सर्व्हरवरचे फोल्डर जोडतं, प्रिंटर जोडतं. यातलं एक जरी उत्तर देत नसेल तर मशीन ठरलेला वेळ थांबून मग पुढे जातं, आणि असे थांबे साठत जाऊन पाच मिनिटं होतात. नेहमी सापडणारी कारणं म्हणजे बंद झालेल्या जुन्या सर्व्हरचा मॅप केलेला ड्राइव्ह, ऑफिसातून कधीच काढून टाकलेला नेटवर्क प्रिंटर, आणि सगळ्यात जास्त फसवणारं म्हणजे डीएनएस, नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी सेवा. डोमेनमधल्या मशीनला डीएनएस म्हणून ऑफिसच्या सर्व्हरचाच पत्ता असायला हवा. कुणी नेट फास्ट व्हावं म्हणून ८.८.८.८ हा गुगलचा डीएनएस टाकलेला असतो, नेट तर व्यवस्थित चालतं म्हणून कुणाला संशय येत नाही, पण ऑफिसच्या सर्व्हरचं नाव त्या बाहेरच्या डीएनएसला माहीतच नसतं आणि लॉगिन चाचपडत बसतं.

आणखी एक, तुमच्याकडे रोमिंग प्रोफाइल असेल, म्हणजे कुठल्याही मशीनवर बसलं तरी तुमचाच डेस्कटॉप येतो, तर डेस्कटॉपवर किती सामान ठेवलंय ते बघा. लॉगिन करताना ते सर्व्हरवरून आणि बंद करताना सर्व्हरकडे कॉपी होतं. डेस्कटॉपवर मोठे व्हिडिओ आणि स्कॅन पडलेले असतील तर ते दुसरीकडे हलवा, आजच फरक दिसेल.

डीएनएस आणि पॉलिसी तुम्ही स्वतः बदलायच्या नाहीत, ते आयटीचं काम. पण त्यांच्याकडे जाताना स्लो आहे एवढंच म्हणू नका. वायर काढून इतक्या सेकंदांत, वायर लावून इतक्या मिनिटांत, असं लिहून न्या. मग लॅपटॉप जुना झालाय असं म्हणता येत नाही.

प्रश्न: मी रोज संध्याकाळी न चुकता शट डाऊन करतो. तरी आठवडा संपेपर्यंत मशीन जड होत जातं. रिस्टार्ट केलं की परत हलकं. शट डाऊन आणि रिस्टार्ट सारखंच ना?

उत्तर: विंडोज ८ पासून सारखं नाही. तेव्हापासून फास्ट स्टार्टअप आलं, त्यात शट डाऊन करताना तुमचे प्रोग्राम बंद होतात पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर होते त्या अवस्थेत डिस्कवर साठवून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात. म्हणजे एखाद्या ड्रायव्हरने मेमरी अडवून ठेवली असेल तर ती अडलेलीच राहते. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू, तिथे अप टाइम बघा. रोज बंद करूनही तिथे पाच-सहा दिवस दिसले तर हेच आहे.

रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी निघताना रिस्टार्ट करून मग बंद करा, किंवा शिफ्ट दाबून ठेवून शट डाऊन वर क्लिक करा, तेही पूर्ण बंद करतं. फास्ट स्टार्टअप कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून कायमचं बंद करता येतं, एसएसडी असेल तर खुशाल करा, साध्या हार्ड डिस्कवर मात्र रोजची सुरुवात आणखी लांबेल, तिथे आठवड्याचं रिस्टार्टच बरं.

प्रश्न: ताई, मी ऑफिसची मशीनं सांभाळतो. लोक सांगतात सकाळी स्लो होतं, मी जाईपर्यंत सगळं ठीक असतं. त्यांच्यावर विश्वास ठेवू की मशीनवर?

उत्तर: दोघांवरही ठेवा, मशीनने स्वतःच लिहून ठेवलेलं असतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स परफॉर्मन्स, ऑपरेशनल इथपर्यंत जा. १०० नंबरच्या नोंदीच्या डिटेल्समध्ये बूट टाइम मिलिसेकंदांत असतो. त्यात मेनपाथ बूट टाइम म्हणजे डेस्कटॉप येईपर्यंतचा आणि पोस्ट बूट टाइम म्हणजे डेस्कटॉप दिसल्यापासून मशीन शांत होईपर्यंतचा. पहिला वीस हजार आणि दुसरा तीन लाख असेल तर डेस्कटॉप वीस सेकंदांत आला पण पुढची पाच मिनिटं माणूस नुसता बसून होता, आणि ती व्यक्ती खरंच बोलत होती. १०१ नंबरच्या नोंदीत उशीर करणाऱ्या प्रोग्रामचं नाव असतं, १०२ मध्ये ड्रायव्हरचं, १०३ मध्ये सर्व्हिसचं. एका मशीनच्या आठ-दहा सकाळी बघितल्या की तेच तेच नाव वर येतं, तिथून सुरुवात करा.

मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स हे सिसइंटर्नल्समधलं टूल तुमच्या हाताशी असू द्या, स्टार्टअप टॅबमध्ये न दिसणारे शेड्युल्ड टास्क आणि एक्सप्लोररला चिकटलेले प्रोग्रामही त्यात दिसतात. त्यात हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज वर टिक करून मगच काम करा, नाहीतर यादी इतकी लांब असते की चुकून विंडोजचंच काही बंद होईल. आणि डिलीट न करता फक्त टिक काढा, म्हणजे परत लावता येते.

प्रश्न: नवीनच लॅपटॉप आहे, एसएसडी, १६ जीबी रॅम. डिस्क आणि मेमरी दोन्ही कमी दाखवतात पण सकाळी चार्जर लावून चालू केला की प्रत्येक खिडकी रखडत उघडते. बॅटरीवर बरा चालतो, याचं मला आश्चर्य वाटतं.

उत्तर: परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि स्पीड बघा. शेजारी बेस स्पीड लिहिलेला असतो, समजा २.४ गिगाहर्ट्झ, आणि काम चालू असतानाही तुमचा चालू स्पीड ०.४ किंवा ०.८ च्या वर जात नसेल तर प्रोसेसरला कुणीतरी दाबून ठेवलंय. तुमच्या लक्षणांवरून तो चार्जर वाटतो. काही लॅपटॉप चार्जर आपल्या ओळखीचा आणि पुरेशा वॅटचा आहे का ते तपासतात, ओळख पटली नाही किंवा पिन ढिली असली की प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी ठेवतात. लॅपटॉपबरोबर आलेला मूळ चार्जर लावून बघा, कमी वॅटचा किंवा दुसऱ्या मॉडेलचा नको. त्यानेही तसंच झालं तर मग पॉवर मोड आणि पंख्यातली धूळ बघा, पण बॅटरीवर नीट चालतोय म्हणजे गरम होण्याचं कारण मला इथे कमीच वाटतं.

प्रश्न: आमच्याकडे विंडोजचा गोल फिरायला लागण्याआधीच दीड-दोन मिनिटं काळा स्क्रीन असतो. स्टार्टअपमधलं सगळं डिसेबल केलं तरी तेवढाच वेळ.

उत्तर: तेवढाच राहणार, कारण विंडोज अजून सुरूच झालेलं नाही. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये वर कोपऱ्यात लास्ट बायोस टाइम म्हणून सेकंद दिलेले असतात, तो आकडा हा. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मशीनमधला मूळ प्रोग्राम. आधी यूएसबीला लावलेलं सगळं काढा, पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, कार्ड रीडर, फक्त कीबोर्ड-माऊस ठेवून सुरू करा. फरक पडला तर एकेक लावत जा, कोण अडवतंय ते कळेल. नाही पडला तर आयटीवाल्यांना बायोसमधला बूट क्रम बघायला सांगा, नेटवर्कवरून बूट हा पर्याय सगळ्यात वर असेल तर मशीन रोज आधी नेटवर्कवर विंडोज शोधतं, काही सापडत नाही म्हटल्यावर मग डिस्ककडे वळतं. डिस्क पहिली करा. तरीही आकडा खाली येत नसेल तर डिस्कची साटा केबल बदलून बघा आणि वर सांगितलेल्या ७ आणि १५३ च्या नोंदी तपासा, कारण बायोसला लवकर उत्तर न देणारी डिस्क पुढे विंडोजलाही देत नाही.